अधिक-उणे शून्य पूर्णांक तीन

३ मार्च
उद्या लिफाफा उघडायचा! चौदा महिने एका खोट्या आकड्याशी संसार करतेय मी. नमुन्यातले निम्मे अणू किती दिवसांत विरून जातात, एवढंच मोजायचं. पण उत्तर आधीच दिसलं तर हात आपोआप हव्या त्या बाजूला झुकतो — म्हणून वायरवाल्या काकांनी माझ्या उत्तरात एक गुप्त संख्या मिसळून ठेवलीय. प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं तेच सांभाळतात. संख्या लिफाफ्यात, लिफाफा त्यांच्या कपाटात. नियम एकच: उघडल्यावर काही बदलायचं नाही.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या सरांनीही हेच मोजलं होतं, त्यांचं उत्तर ७१.३ दिवस. तीस वर्षं सगळ्या पुस्तकांत तेच आहे. जुळू दे बाई एकदाचं.

४ मार्च
७०.१. अधिक-उणे ०.३.
नाही जुळलं.

५ मार्च
आई म्हणाली, "एका दिवसाचा तर फरक! तोंड पाडून काय बसलीस?"

कसं सांगू तिला? सर म्हणतात ७१.३, चुकलंच तर इकडेतिकडे ०.२. मी म्हणते ७०.१, इकडेतिकडे ०.३. दोघांनी हात लांब केले तरी बोटाला बोट लागत नाही. म्हणजे कुणाचं तरी चुकलंय. आणि माझी नोकरी कायम व्हायची ती सरांच्या शिफारसपत्रावर.

७ मार्च
सगळं पहिल्यापासून तपासतेय. तपासायला काय हरकत आहे? बदलत तर नाहीये काही.

९ मार्च
सापडलं!! खोलीचं तापमान! ते वरखाली झालं की मोजणीयंत्र थोडं भरकटतं. त्याचा वाटा मी फारच किरकोळ धरला होता. सढळ हाताने धरला की ०.३ चा १.४ होतो, आणि सरांचं उत्तर त्यात आरामात बसतं. आकडा तोच, फक्त नम्रता वाढवली. यात खोटं काय? कुणीच चुकलं नाही, कुणीच दुखावलं नाही.

मग सकाळपासून एका जागी बसवत का नाहीये?

१० मार्च
काकांना दाखवलं. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी कागद दोनदा वाचला. "मॅडम, तापमानाचं आपण गेल्या वर्षीच मोजलंय ना? तीन आठवडे हीटर लावून घामाघूम झालो होतो. एवढं नव्हतं ते."

"सावधगिरी म्हणून, काका."

"आकडा जुळला असता तर घेतली असती ही सावधगिरी?"

असा राग आला! दार आपटून बाहेर पडले. जिन्यात रेलिंग धरून कितीतरी वेळ उभी होते. जुळला असता तर चार तारखेलाच घरी जाऊन गाढ झोपले असते मी. तापमानाचं नावही काढलं नसतं.

१२ मार्च
०.३ की १.४? जेवतानाही तेच चाललंय. आई वैतागून म्हणाली, "नाणं उडव आणि मोकळी हो!" — मला, संख्याशास्त्रातल्या बाईला!

१३ मार्च
पाठवला शोधनिबंधाचा मसुदा सरांना. ०.३ च. सोबत हीटरवाल्या तीन आठवड्यांची मोजणीही जोडली. पत्रात आधी लिहिलं होतं, "तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही." मग ते खोडलं. म्हणतेच आहे की!

त्यांनी मला हातात पेन्सिल धरून आलेख काढायला शिकवलंय. फार वाईट वाटतंय.

१५ मार्च
उत्तर नाही. काका चहा आणून ठेवतात.

१७ मार्च
सरांचा फोन. आवाज बारीक झालाय. "शिफारसपत्र दिलंय तुझं, कालच. आता ऐक. ७१.३ मी मोजलं होतं. ते चुकलंही असेल. पण तो ०.२ — तो मोजलाच नव्हता गं. परिषद तोंडावर आली होती. शोभेल असा लिहिला."