संत्र्याची तोड मी सांगितली नाही

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती

काल इथे लिहिलं की नांदगाव पेठच्या शेडच्या बांधकामाचं वेळापत्रक नव्या एआय एजंटने चुकवलं. ते खरं नाही. या दिवसांत संत्र्याच्या तोडीला, फळं उतरवायला, आपले मजूर काम सोडून शेंदूरजनाघाटला जातात, हे मला ठाऊक होतं. मी मुद्दाम गप्प राहिले. तो चुकला, तर माझ्यासारखी ज्युनियर प्रोजेक्ट मॅनेजर लागतेच हे साहेबांना पटेल, म्हणून.

आज मिस्त्रीकाका म्हणाले, "पोरी, तुले त तोड माहीत होती. मंग त्या मशीनले काहून नाई सांगितलं? त्याच्या घरी संत्र्याचा बगीचा हाय काय?"

हसले मी. पण आई घरी पाटीवर शिकवायची तेव्हा चूक आधी दाखवायला लावायची, मग पुसू द्यायची. नोकरी अशी टिकवायची? नाही. तोड माहीत असणं माझं काम, आणि सांगणंही. शुक्रवारी दहाच्या बैठकीत चूक माझी होती, हे साहेबांना सगळ्यांसमोर सांगणार.