वीस मिनिटं आणि डावा हात

"वीस मिनिटांत पियानो रुसतो. तू आपला कीबोर्ड घे, तो उपाशी ठेवला तरी हसतो." पियानो शिकवणाऱ्या बाई हे मला म्हणाल्या, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आज सत्तेचाळीस. त्या एका वाक्याची वाटणी अजून झालेली नाही, म्हणून या कागदाची सुरुवात तिथून करते.

मी, खाली सही करणारी, चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारी कारागीर, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. शरीर दमलेलं आहे. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख दिली आणि त्यापुढच्या तारखांबद्दल ते काही बोलले नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी नाही.

कलम एक. राहतं घर, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या धाकट्या बहिणीला. घरात तिला सगळे बटण म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते. हे उपकार नव्हेत. आई गेल्यावर अर्धा वाटा तिचा होता आणि तिने तो कधी मागितला नाही. मी हे तिला बोलून दाखवलं नाही, ते इथे नोंदवते. गॅलरीचं दार फुगतं. उचलून ओढायचं.

कलम दोन. माझी हत्यारं, म्हणजे बारीक स्क्रूड्रायव्हर, तीन पकडी आणि काच घासायचा दगड, दुकानातल्या माझ्या जोडीदार कारागिराला. वाकड्या तोंडाची पकड त्यांनी सहा वर्षांपूर्वी नेली होती आणि नेली नाही म्हणाले होते. तीही त्यांचीच समजावी.

कलम तीन. बँकेत जे असेल त्यातून औषधाच्या दुकानाचं बिल आधी चुकवावं. उरेल ते भाचीला, म्हणजे बटणच्या मुलीला.

कलम चार, कीबोर्ड. हा खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना द्यावा. त्यांना दोन लहान मुलं आहेत आणि दिवसाकाठी दहा मिनिटं. डाव्या हाताने तीन पट्ट्या दाबून ठेवल्या की मागे ड्रम, गिटार, सगळा ताफा आपोआप वाजतो. उजव्या हाताने चाल वाजवली की झालं गाणं. याला मी कमी लेखत नाही. आई एकवीस वर्षं अंथरुणाला होती. तिचं जेवण, औषध, अंग पुसणं झालं की तिचा डोळा लागेपर्यंत मला वीस मिनिटं मिळायची. सत्तावीस नंबरचा ठेका लावला की ती पांघरुणाखाली पाय हलवायची. "ताफ्याला चहा विचारलास का गं?" असं रोज म्हणायची. पियानोवर त्या वीस मिनिटांत मी तिला काय ऐकवलं असतं? एकाच ओळीतली तीच चूक.

कलम पाच, पियानो. हा भाचीला. पण आधी सांगायला हवं.

बाबांना एकीचीच शिकवणी झेपणार होती. पियानोच्या बाईंनी दोघींना शेजारी बसवून विचारलं, रोज किती वेळ देता येईल? बटण म्हणाली, दोन तास. तिला ते होते, कारण स्वयंपाक आणि आई माझ्याकडे होती. मी खरं सांगितलं, वीस मिनिटं. बटण पियानो शिकली, आणि फार चांगली शिकली. लग्नानंतर तिने तो सोडला. आई गेली त्या आठवड्यात भांडी आवरताना मी तिला म्हटलं, "माझे दोन तास तू वाया घालवलेस." ती म्हणाली, "ताई, मी मागितले नव्हते." तिने हातातलं पातेलं पुसून जागेवर ठेवलं आणि चप्पल घातली. त्याला नऊ वर्षं झाली.

पुढच्याच वर्षी बाई मुलाकडे राहायला गेल्या, त्यांचा पियानो मी घेतला. आता वेळच वेळ होता. मी बसले. उजवा हात चालू लागला. डाव्याने तीन पट्ट्या दाबल्या आणि तो थांबला. ताफा सुरू होण्याची वाट बघत. मीही त्याच्याबरोबर बसून राहिले. आठ वर्षं झाली, अजून तो मधेच तसा थांबतो.

भाची नर्स आहे. आईला न सांगता माझ्याकडे येते. मागच्या महिन्यात म्हणाली, "मावशी, ड्यूटीनंतर मला वीसच मिनिटं मिळतात. काय शिकू?" बाईंचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळून मी विचारलं, कोणाला ऐकवायचंय? "कोणालाच नाही. दिवसभर हात दुसऱ्यांचे असतात. थोडा वेळ माझे हवेत." मी म्हटलं, मग पियानोच. दहा मिनिटं फक्त डावा हात, दोन ओळी, दुसऱ्या दिवशी त्याच दोन ओळी. कंटाळलीस तर विकून टाक, मी स्वप्नात येऊन रागावणार नाही.

पियानो जिन्याच्या वळणावर अडकतो. खालची फळी काढावी लागते, निघालेले स्क्रू पाकिटात ठेवावेत. भाची आईबरोबर राहते, तेव्हा तो बटणच्याच घरात जाईल हे मला कळतं. वकिलांनाही कळलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, "बहिणीनं घरात घेतला नाही तर?" मी म्हटलं, तुमचा चष्मा सैल झालाय, द्या इकडे.

आधीचं कोणतंही मृत्युपत्र नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली. त्यांना यातला काही वाटा नाही, चहा तेवढा झाला.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार एक: पियानोचे सूर जुळवणारे काका (सही)
साक्षीदार दोन: समोरच्या औषधाच्या दुकानाच्या बाई (सही)
स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च, सकाळ

सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून हे इथे लिहिते. बटण, याची प्रत तुला आजच पाठवते आहे, मी गेल्यावर नको. फळी काढण्याआधी एकदा ये. बोलायचं नाही. उजवा हात मी वाजवते, डावा तू वाजव. वीस मिनिटं. तू नाहीच म्हणशील, तरी ये.