अक्काची पाल आणि शंभराचा वेग

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
१२ जुलै १९९९

सन्मान्य मेहुणे सेतुमाधवराव यांस सीतारामाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही सगळे देवाच्या दयेने आणि गोळ्यांच्या आधाराने बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? पुण्याच्या पावसाळी गारठ्यात तो तुमच्याआधी उठून बसतो, असं तुमच्या बहिणीकडून कळलं. (माझ्या मराठीला हसू नका. मागच्या खेपेस तुमच्या पेठेतल्या दुकानदाराने मला खोबरेल देता देता विचारलं होतं, की आजोबा, तुम्ही कुठल्या बखरीतून आलात.)

तुमच्या जयतीर्थासाठी आमच्या लक्ष्मीप्रियेला मागणी घातल्याला दोन महिने होत आले, तरी आमच्याकडून होकार नाही की नकार नाही. तुम्ही मनाला लावून घेतलं असेल. तुमच्या बहिणीनेही लावून घेतलं आहे, आणि सध्या आमच्या घरातलं सारदेखील त्यामुळे खारट होतं आहे. म्हणून काय झालं ते सविस्तर लिहितो. दोष ना मुलाचा, ना मुलीचा. दोष एका पालीचा आहे, आणि ती पाल कॉम्प्युटरात राहते.

तुम्हाला ठाऊकच आहे की लक्ष्मीप्रियेने ओट्यालगतच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान मांडलं आहे. सोबत ती कॉम्प्युटरवर पत्रिकाही काढून देते; तिरुवैयारुहून लोक येतात. जयतीर्थ चैत्रात आला तेव्हा त्याने तिला मेमरीची एक नवी कांडी भेट दिली. (दुसरी मुलं रेशमी रुमाल देतात. मला हे फार आवडलं.) ही कांडी शंभराच्या वेगाची, आणि यंत्रात आधीपासून बसलेली जुनी सासष्टाची. हा वेग ज्या वाटेचा, तिला कॉम्प्युटरवाले बस म्हणतात. पापनाशमला जाते ती नव्हे, ती तर विसावरही चालत नाही. मुख्य पाटीवर एक इवलीशी टोपी असते, ती इकडे लावली तर सासष्ट, तिकडे लावली तर शंभर. लक्ष्मीप्रियेने ती सासष्टावर ठेवली होती. आता मी पडलो गणिताचा मास्तर. शंभर मिळत असताना सासष्टावर समाधान मानणारा विद्यार्थी मला जन्मात आवडला नाही. एक दिवस ती बाहेर गेली असताना मी चिमट्याने टोपी शंभरावर नेली आणि कोणाला बोललो नाही.

त्याच दिवशी आमच्या शेषम्मा अक्काने पत्रिका जुळवायला बसायचं ठरवलं. थोरली बहीण म्हणून घरातल्या लग्नाचा शेवटचा शब्द तिचाच, हे तुम्ही तुमच्या बहिणीच्या लग्नात अनुभवलंच आहे. राहुकाळ संपला होता, मुलगी यायची होती, आणि अक्का थांबणारी नव्हे. मी बटण दाबलं. पडदा काळाच राहिला, आणि आतून लांबच लांब किंकाळ्या सुरू झाल्या. थांबतात म्हणेपर्यंत पुन्हा. अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; तिला यंत्र दिसत नाही, ते ज्या भिंतीशी आहे ती आग्नेयेची, हे मात्र पाठ आहे.

"पाल बोल्ली रे, सीतू," अक्का म्हणाली. "आस्कि आवर." म्हणजे सगळं आवर, बैठक मोड.

पंचांगाच्या शेवटच्या पानावर कुठल्या दिशेची पाल बोलली तर काय, हे छापलेलं असतंच. तिला ते वाचावंही लागत नाही. लक्ष्मीप्रिया परतली. जुनी कांडी शंभराला झेपत नाही म्हणून यंत्र ओरडतं, हे तिला बाहेर चप्पल काढतानाच कळलं. तिने टोपी जागेवर आणली आणि चिमटा कुलपात ठेवला.

पुढच्या चांगल्या दिवशी पुन्हा बसलो. आता यंत्र निरोगी. निरोगी यंत्र उठताना एकदाच, आखूड बोलतं. सगळे अवयव ठीक आहेत असा त्याचा अर्थ. अक्काच्या शास्त्रात मात्र एकदाच बोललेली पाल म्हणजे नकार. पत्रिकेत दहापैकी आठ पोरुत्तम, म्हणजे तुमच्याकडचे गुण, जुळले, तुमच्या बहिणीने केसरी करायला रवा भाजायला घेतला, आणि अक्काने तो उतरवायला लावला. मी समजावलं की अक्का, ही पाल नव्हे, यंत्र आहे. "कोठूनही बोलूं दे," ती म्हणाली, "पाल ती पालच." होकाराला तिला दोनदा बोललेली हवी. लक्ष्मीप्रियेला विचारलं, तर दोनदा बोलायला काहीतरी मोडावं लागेल म्हणते. तेव्हापासून तीन वेळा बसलो. यंत्र दर वेळी ठणठणीत निघालं.

जयतीर्थाने लिहिलं आहे की लग्नानंतर तिने कामाचे कष्ट घ्यायचे नाहीत, घरी सुखात राहावं. मोठ्या मनाचा मुलगा आहे. त्याला माझे आशीर्वाद. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधून पाहा.

तुमचा,
सीताराम

ता. क. – पत्र बंद करण्याआधी एक राहिलं. यंत्राच्या आवाजाची तार दोन बोटांनी उपटून निघते. मी स्वतः पाहिलं आहे. लक्ष्मीप्रियेने ती उपटली असती तर पाल कायमची गप्प झाली असती. पहिली खेप सोडली तर पुढच्या चारही वेळा ती घरात होती, तरी तिने उपटली नाही. तेव्हा माझ्याच मनात पाल चुकचुकली.

ता. क. २ – मी तिला सरळ विचारलं नाही. एवढंच विचारलं, की शंभराची कांडी सासष्टावर चालवून तिचं काही बिघडत नाही ना? "बिघडत कांही नाही, अप्पा," ती म्हणाली. "शंभराची होती हें कोणास कळत नाही, तेवढंच." छत्तीस वर्षं गणित शिकवूनही ती कोणाविषयी बोलत होती, हे मला पानावर बसल्यावर कळलं.

ता. क. ३ – तेव्हा विनंती अशी. तुमच्याकडून अक्काला एक पत्र यावं, की पुण्यातही पत्रिका देवापुढे ठेवताना पाल बोलली, आणि तुम्हीही थांबलात. म्हणजे कोणी कोणाला नाही म्हटलं असं होणार नाही. तुमची बहीण रडेल, तिला मी सांभाळीन. जयतीर्थ मला जावई म्हणून फार हवा होता. हे त्याला सांगू नका. आणि पाल एकदाच बोलली असं स्पष्ट लिहा. दोनदा लिहिलंत तर अक्का त्याच आठवड्यात मुहूर्त काढील, आणि मग तुमचं, माझं, यंत्राचं, कोणाचंच काही चालणार नाही.