राजव्वाची गोष्ट मी उलटी सांगितली

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यानंतरचा हा पहिलाच पंधरा ऑगस्ट होता. त्या दिवशी मी काय करून बसले ते तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं, म्हणून लिहायला बसले आहे. गेले काही आठवडे हॉलमधल्या तुमच्या फोटोकडे मी बघत नाही. हार बदलतानासुद्धा नजर खाली ठेवते.

आपल्या जुळे सोलापूरच्या सोसायटीत झेंडावंदन झालं की तुम्ही बोलायला उभे राहायचात. दर वर्षी तीच गोष्ट, मार्शल लॉच्या दिवसांतली, तुमच्या वडिलांची. पोरं जिलेबीच्या परातीकडे बघायची, मोठी माणसं घड्याळाकडे. आणि मी? मागच्या खुर्चीत बसून बँकेच्या ग्रुपवरचे मेसेज वाचायचे. आपल्या घरातलीच गोष्ट आहे, ती कुठे पळून जाते, असं वाटायचं.

यंदा सेक्रेटरी वसंतरावांनी माइक माझ्या हातात दिला. म्हणाले, "मॅडम, अण्णांची गोष्ट आता तुम्ही सांगा की. त्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटणार नाही." मी उठले. तयारी करावी लागेल असं मनातही आलं नाही.

सुरुवात बरी झाली. स्वातंत्र्याच्या आधी आपल्या शहरात मार्शल लॉ लागला होता, डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी माणसाला धरून नेत होते, हे मी सांगितलं. पोलीस झेंड्याच्या शोधात साखर पेठेत घरोघर शिरत होते, तेही सांगितलं. आणि तिथेच अडले. विणकरांचं एक घर होतं, राजव्वा नावाची एक बाई होती, आजोबा होते, आणि कुणीतरी कुणालातरी लपवलं होतं. एवढंच काय ते डोक्यात. सगळे माझ्याकडे बघत होते. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या आजोबांनी राजव्वाला आमच्या घरात लपवलं, आणि पोलीस आले तेव्हा ते दारात आडवे उभे राहिले."

टाळ्या पडल्या, अण्णा. तुम्हाला कधी पडल्या नाहीत एवढ्या.

खुर्चीकडे परत येताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, वाटलं होतं. पण लोक हात मिळवायला येत होते, "काय घराणं आहे तुमचं" म्हणत होते, आणि मला ते ऐकायला आवडलं. म्हणून मी तो विचार तिथेच सोडून दिला. याची लाज मला त्या चुकीपेक्षा जास्त वाटते.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. तो आपल्या ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेला, तिथून आणखी कुठे कुठे. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला, मुलांसमोर बोलायला या म्हणून. मी हो म्हटलं. कोणती साडी नेसायची तेही ठरवलं.

मग एके दुपारी दाराची बेल वाजली. सत्तरीच्या एक बाई रिक्षातून उतरून जिना चढून आल्या होत्या. कॉटनची इस्त्रीची साडी, चष्मा, हातात मोबाइल. "तुम्ही अण्णांच्या कन्या ना? मी अंबुबाई. तेलुगू शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर झाले. राजव्वा माझी आजी."

मी त्यांना बसा म्हटलं. पाणी आणलं. त्यांनी पाण्याचा पेला हातात तसाच धरून ठेवला.

"व्हिडिओ बघितला," त्या म्हणाल्या. "बोलता छान तुम्ही. पण ते उलटं झालंय बघा. अण्णा असं सांगत नव्हते."

मग त्यांनी सांगितलं, आणि त्या सांगत असताना एकेक वाक्य मला तुमच्या आवाजात आठवत गेलं. आजोबा तेव्हा विशीतले, नुकते मास्तर झालेले. सदऱ्याच्या आत तिरंगा गुंडाळून निघाले होते. पोलीस मागे लागले तसे ते पळत आळीत शिरले आणि समोर उघड्या दिसलेल्या दारातून आत गेले. घरात राजव्वा एकटी. तिला मराठी येत नव्हतं, यांना तेलुगू येत नव्हतं. हातमाग जमिनीत बसवलेला होता, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो तसला. तिने यांना त्या खड्ड्यात ढकललं आणि स्वतः मागावर जाऊन बसली. तिचे पाय आजोबांच्या पाठीवर. ती नुसत्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, तिने कधी लुगडं विणलं नव्हतं, माग नवऱ्याचा होता. तरी पोलीस घर धुंडाळत होते तोवर ती धोटा इकडून तिकडे फेकत राहिली. निम्मं लुगडं बिघडलं. पोलिसांना विणकामातलं काय कळणार?

"नवरा घरी आल्यावर लई चिडला म्हणे," अंबुबाई म्हणाल्या. "मग खड्ड्यात मास्तर बघितले आणि गप्प झाला."

मी म्हटलं, "मला माफ करा. माझ्या लक्षात राहिलं नाही."

"तुम्हाला दोष द्यायला नाही आले मी," त्या म्हणाल्या. "मार्शल लॉच्या त्या प्रकरणात फाशी गेलेल्या चौघांचे पुतळे चौकात आहेत, तिथे हार पडतात. ते बरोबरच आहे. आमच्या आजीचं कुठे काय आहे? अण्णा दर वर्षी माइकवर तिचं नाव घेत होते, तेवढंच होतं. त्यातही आता ती लपलेली झाली."

या वाक्यानंतर मला मान वर करता आली नाही.

जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं. झेंडावंदन झालं की तुम्ही दर वर्षी रिक्षा करून त्यांच्याकडे जात होतात. "आमच्याकडे जिलेबी घेऊन यायचे," म्हणाल्या. आम्हा घरच्यांना वाटायचं, तुम्ही जुन्या मित्रांना भेटायला जाता. मी विचारलं, "मला कधीच कसं बरोबर आणलं नाही त्यांनी?" "विचारलं होतं मी. म्हणाले, मुलगी कामात असते."

अण्णा, एकदा तरी हाताला धरून नेलं असतंत तर? एकदा तरी म्हणाला असतात, तो फोन ठेव आणि चल? मला थोडा राग आला तुमचा, आणि लगेच कळलं की तुम्ही माझ्यासमोर दर वर्षी माइक घेऊन उभे होतात. याहून मोठ्याने कसं सांगणार होतात?

मी दुसऱ्याच दिवशी वसंतरावांकडे गेले. झालेली चूक सांगितली, ग्रुपवर दुरुस्ती टाकू या म्हटलं. ते म्हणाले, "सोडा की मॅडम आता. लोकांना चांगलं वाटलं. आणि कुणी कुणाला लपवलं, शेवटी देशासाठीच ना?" पुण्याहून दादाही फोनवर हेच म्हणाला, "अगं, कोण तपासायला बसलंय?" त्यांच्या बोलण्याने क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, हे तुम्हाला सांगायलाच हवं. तपासायला खरोखरच कुणी बसलेलं नव्हतं. एक अंबुबाई होत्या, आणि त्यांनी तर मला दोषही दिला नव्हता.

तरी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. राजव्वाचं नाव लिहिलं, माझं चुकलं असंही लिहिलं. दोन अंगठे आले आणि त्याखाली कुणाच्यातरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या. जुना व्हिडिओ अजून फिरतो आहे. परवा बँकेत एका ग्राहकाने ओळखलं मला. "तुमच्या आजोबांचं ऐकलं, वा," म्हणाले. रांग खोळंबली होती तरी मी त्यांना थांबवून खरं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. दारात आडवा उभा राहिलेला माणूस त्यांना जास्त आवडला होता.

शाळेत मी एकटी गेले नाही. अंबुबाईंना बरोबर नेलं. आधी मी चूक सांगितली आणि मग खरी गोष्ट त्यांना सांगायला लावली. शिक्षिका त्या, मुलं कशी गप्प करायची हे त्यांना ठाऊक. राजव्वाला मागावर धोटा नीट फेकताही येत नव्हता हे त्यांनी हात हलवून दाखवलं तेव्हा मुलं हसली, आणि पोलीस दारात आले म्हटल्यावर एकदम चूप.

शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या बाबांनी खरं सांगितलेलं होतं, मग तुम्ही उलटं कसं सांगितलं?"

वर्गशिक्षिका तिला बस म्हणून खुणावत होत्या. मी म्हटलं, "ते सांगत होते तेव्हा मी ऐकत नव्हते."

मुलगी खाली बसली. बाहेर आल्यावर रिक्षात अंबुबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि मला रडू आलं. तुम्ही गेलात तेव्हाही इतकी रडले नव्हते. तेव्हा तुम्ही गेलात एवढंच कळलं होतं. तुमच्याबरोबर राजव्वाही जाणार होती, हे आत्ता कळलं.

शब्द देते, अण्णा. सव्वीस जानेवारीला सोसायटीत माइक अंबुबाईंच्या हातात असेल. वसंतरावांनी कुरकुर केली, पण हो म्हणाले. त्या तुमच्याएवढाच वेळ घेतील. लोक घड्याळाकडे बघतील. मी त्यांच्या समोर, पहिल्या रांगेत बसेन आणि गोष्ट मला पाठ झाली असली तरी शेवटपर्यंत ऐकेन.

तुमची, उशिरा कान उघडलेली,
मंगल