शिडीचं कलम

२ सप्टेंबर, जेरुसलेम
आजपासून गुप्त वाटाघाटी. आमच्या बाजूने मी, निवृत्त प्राध्यापक. सरकारशी संबंध शून्य, म्हणूनच विश्वासार्ह. पॅलेस्टिनी बाजूने बेत जाला गावचा औषधवाला नुमान. विषय छोटा: त्याच्या आईची ऑलिव्हची झाडं लष्कराच्या कुंपणापलीकडे गेलीत. तोडणीपुरतं फाटक उघडायचं. आधी फाटक, मग शांतता.
बायकोला, नेहामाला, एक अक्षर सांगायचं नाही. टायपिंग मात्र तीच करणार.

९ सप्टेंबर
मसुदा तयार. पद्धतीप्रमाणे ना नाव, ना सही. उद्या बोंब झाली तर कागद कुणाचाच नाही. कलम चार खास माझं: शिडी तीन मीटरपेक्षा उंच नको. लष्कराचा जीव भांड्यात पडेल. नुमान म्हणाला, आई ब्याऐंशीची आहे प्रोफेसरसाहेब, ती शिडीवरून कुठे उडी मारणार? त्याला मुत्सद्देगिरी कळत नाही.

१७ सप्टेंबर
नुमानला फोन करायचा नाही असं ठरवलं. तीनदा केला. माझा हिब्रू मसुदा पॅलेस्टिनी ऑफिसने अरबी करून लष्कराकडे पाठवलाय म्हणे.

४ ऑक्टोबर
वैताग. तोडणी तोंडावर आली. नुमान सांगतो, आई रोज ताडपत्री काढते, झटकते, परत घडी घालते. मी काय करू?

७ ऑक्टोबर
लष्करातला माझा जुना विद्यार्थी शाल्तिएल याने एक हिब्रू कागद पाठवला. निनावी. म्हणाला, सर, आमचे साहेब तयार आहेत, तुम्ही फक्त हो म्हणा, उद्या सही. नाहीतर हंगाम गेला.
वाचला आणि डोकंच फिरलं. भाषा कारकुनी. आणि कलम चार! म्हाताऱ्या बाईची शिडी मोजणारा हा कोण अतिशहाणा? नुमानच्या आईचा अपमान मी सहन करणार नाही. चार पानी नकार पाठवला. नेहामा हैफाला बहिणीकडे, म्हणून हाताने लिहिला.

१० ऑक्टोबर
नेहामा आली. कागद वाचून म्हणाली, शिडी तीन मीटर? हे तर मीच टाइप केलं होतं. अशक्य, म्हटलं. तिने मसुद्याची कॉपी समोर ठेवली. हिब्रूचं अरबी, अरबीचं परत हिब्रू; भाषांतरात मजकूर बराच बिघडलाय, एवढं नोंदवून ठेवतो.
शाल्तिएलला फोन केला. म्हणाला, आता उशीर झाला, सर. सगळे तयार होते, नकार एकट्या तुमचाच आला.
जेवण गेलं नाही.

२८ ऑक्टोबर
फाटक बंदच. ऑलिव्ह गळून मातीत सडतायत. नुमानची आई कुंपणाशी खुर्ची टाकून बघत बसते. नुमान म्हणाला, आई विचारतेय, नाही म्हणणारा तो माणूस कोण. मी म्हटलं, अशा कागदांवर नाव नसतं. तो म्हणाला, तरी शोधा, तुमच्या ओळखी आहेत.
शोधतो म्हणालो.