अम्मीच्या नावाचे तीस पारे

१९ नोव्हेंबर
अम्मीच्या चाळीसाव्याची दुआ रविवारी! चाळीस दिवस भरतात गुरुवारी. पण गुरुवारी सगळ्यांना ऑफिस. इरफान म्हणाला, "आपा, अम्मी समजून घेईल." माझा भाऊ. गेलेल्या माणसाने समजून घ्यावं, हे बरं आहे.

२० नोव्हेंबर
भाभीने ग्रुप काढला. कुराणाचे तीस पारे, तीस बायका. आपापल्या घरी वाचायचं आणि नावापुढे हिरवी खूण करायची. मी म्हटलं, बायकांनी इथे येऊन बसायला हवं.
"कुठे बसवू? आणि मुलुंडहून अंधेरीला कोण येणार गं, आपा?"
चाळीत अम्मीच्या खोलीत चौदा जणी बसायच्या, उरलेल्या गॅलरीत. सफूराखालाला एका पाऱ्याला दीड तास लागे. तिचा होईपर्यंत कोणी चहाला हात लावत नसे. चाळ पाडली. आता सतराव्या मजल्यावर राहतो. वर कोण येतं?
तिसावा पारा मी घेतला. कोणी घ्यायच्या आत.

२२ नोव्हेंबर
सोळा खुणा.
चाळीतल्या रुबीनाने पारा घेतला चार वाजून दहा मिनिटांनी. खूण चार पस्तीसला!

२३ नोव्हेंबर
राहवलं नाही. रुबीनाला फोन केला. तिला वाचायला अम्मीनेच शिकवलं, चाळीतल्या सगळ्याच मुलींना शिकवलं.
"अगं, ऐकला ना मी! कानात इअरफोन, हातात भेंडी. दुप्पट स्पीडवर लावला."
"अम्मी काय म्हणाली असती?"
"चिमटा काढला असता मांडीला. तुलाही काढायची की!"
हसली. मी फोन ठेवला. दुप्पट स्पीडवर! मेलेल्या बाईसाठी एवढी घाई?

२५ नोव्हेंबर
एकोणतीस झाले. भाभीचा मेसेज, सगळ्यांसमोर — "आपा, फक्त तुझाच राहिलाय हं."
खरं वाचणाऱ्याला वेळ लागतो, असं लिहिलं. कोणीतरी अंगठा टाकला.

२७ नोव्हेंबर
आज खरा चाळीसावा. कुराण उघडून बसले. मुलांची सुरुवात याच पाऱ्यापासून होते. शेवटच्या छोट्या सुरा, चार-पाच ओळींच्या, पाठ आहेत. पहिल्या पानावर मात्र अडकले. अक्षरं ओळखीची आहेत, जुळत नाहीत. वीस वर्षं कॉलेजात कविता शिकवते, कुठे थांबायचं ते मुलांना सांगते. इथे तीन ओळींना पाऊण तास.
सफूराखालाला बोलवावं का? ती आली असती. लाज वाटली.
उद्या.

३० नोव्हेंबर
दुआ झाली. मौलाना म्हणाले, "तीसही पारे मुकम्मल, मरहूमाला सवाब पोहोचो." वाचल्याचं पुण्य अम्मीला. बायका आमीन म्हणाल्या. मीही म्हटलं. बिर्याणी चांगली होती.
शुक्रवारी सकाळी खूण केली मी. पारा वाचलेला नाही.
रुबीनाने निदान ऐकला तरी होता.