पाचवा हिस्सा यापाचा

मी, सुलेमा रोकाबादो आर्नेस, वय एक्क्याऐंशी, माजी सेनेटर, राहणार कोचाबांबा, बोलिव्हिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आणू पाहणाऱ्यांचे काय होते ते गावाला ठाऊक आहे.

१. राहते घर, अंजिराच्या झाडासह मागचे अंगण आणि बँकेतील ठेव मुलगा ग्रोवेर व मुलगी मिर्ता यांना समसमान. भांडायचेच झाले तर अंजिरे पिकल्यावर भांडावे, निदान तोंड गोड राहील.

२. कायदा चार हिस्से मुलांसाठी राखतो व पाचवा मला मोकळा सोडतो. रस्त्याकडची खोली, तिच्यातील लोखंडी तराजू व वजनांसह, त्या पाचव्या हिश्श्यात बसते. ग्रोवेरने मला न विचारता ती एका बड्या दुकानवाल्या कंपनीला भाड्याने द्यायचे ठरवले आहे. ते होणार नाही. या खोलीत कोणीही यावे आणि बाजारातून आणलेली पिशवी फुकट तोलून पाहावी, असा आमचा रिवाज आहे. पाकिटावरचा किलो बहुतेकदा किलो नसतो हे मी इथे पाहिले आणि सेनेटमध्ये घसा फोडून सांगितले. ही खोली मी बटाटे विकणाऱ्या इलारिया कोल्के हिला देते. तराजू चालू राहावा, एवढीच अट.

३. इलारियाच का, हे मुलांना कळावे. माझ्या वजनमापाच्या कायद्यात 'मापापेक्षा कमी' देणाऱ्याला दंड होता. सल्लागार डॉ. उर्किदी यांनी पुढे 'किंवा जास्त' असे जोडले; त्यांना ते नेटके वाटले. कायदा मंजूर झाला आणि मी मिरवत बाजारात गेले. इलारियाने बटाटे तोलले. आमच्याकडे तोलून झाल्यावर विकणारी वर मूठभर जास्त घालते, ती यापा. मी पिशवी उघडी धरून उभी. यापा राहिली बाजूला, काटा जरा झुकला म्हणून तिने एक बटाटा काढून घेतला.

"कासेरा, यापा?" मी म्हटले. विकणारी नि घेणारी, आम्ही एकमेकींना कासेराच म्हणतो.

"दंड तुम्ही भरणार का?" ती म्हणाली. "कंपनीवाला पाठीमागून काढून घेतो, मी तोंडावर देते. तुमच्या कायद्याला आम्ही दोघं चोरच दिसतो होय?"

मला फार राग आला, आणि नशिबाने तो इलारियावर न येता बरोबर माणसावर, डॉ. उर्किदींवर, आला. मी ला पासला, सेनेटमध्ये परत गेले आणि ते शब्द गाळणारी दुरुस्ती होईपर्यंत सभागृहाला स्वस्थ बसू दिले नाही. कंपन्यांचा दंड कायम राहिला. माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा मला त्या दुरुस्तीचा अभिमान आहे.

४. डॉ. उर्किदी यांना 'किंवा जास्त' हे दोन शब्द साभार परत.

५. मला पुरताना ग्रोवेर व मिर्ता यांनी मातीची एकेक मूठ टाकावी, समसमान. खड्डा भरला की इलारियाने वर एक मूठ घालावी. या वेळी काढून घ्यायची नाही.

कोचाबांबा, ३ जून २०१४.

(सही) सुलेमा रोकाबादो आर्नेस

साक्षीदार: एलॉय क्लारोस, शेजारी. निल्दा तेर्रासास, शिक्षिका. बेतो सेसपेदेस, न्हावी.

इलारियाला काही मिळत असल्याने तिची साक्ष चालत नाही. ती रस्त्याकडच्या खोलीत कोणाची तरी पिशवी तोलते आहे.